वर्दी नंतरही घालता येईल

पत्र:

डॉक्टर, नमस्कार. माझी लेक बावीस वर्षांची आहे, येत्या ऑगस्टमध्ये मेडिकल स्कूलला जाणार. दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. एक बॉस्टनचं खासगी कॉलेज, राहण्याखाण्यासकट वर्षाला ९२,००० डॉलर. दुसरं आपल्याच राज्याचं, घरून ये-जा केली तर ५२,००० मध्ये भागेल. हे म्हणतात बॉस्टनच, त्याचं नाव मोठं आहे. पैशांची वाटही ह्यांनीच शोधलीय, लष्कराची स्कॉलरशिप. सगळी फी ते भरणार, वर दरमहा पैसे देणार, बदल्यात चार वर्षं नोकरी. आणि नाहीच जमलं तर पैसे परत करून मोकळं व्हायचं, असं ह्यांचं म्हणणं. ह्यांना कर्जाची धास्ती आहे. माझे सासरे सावकाराच्या कर्जापायी जमीन गमावून बसले, ते ह्यांनी लहानपणी पाहिलंय. मला मात्र युद्धाच्या विचाराने झोप लागत नाही. मी म्हणते, कर्ज काढू, कमी पडलं तर ठाण्याचा फ्लॅट विकू. लेक म्हणते, तुमचं ठरलं की मला सांगा. कधी लहान मुलांची डॉक्टर व्हायचं म्हणते, कधी हाडांची. गेल्या महिन्यात मात्र कुणाला न सांगता भरती अधिकाऱ्याला भेटून आली आणि तेव्हापासून पहाटे उठून पळायला जाते. काय करावं?

— एक आई, न्यू जर्सी

उत्तर:

तुमच्या पत्रात आकडे आहेत, सासऱ्यांची जमीन आहे, ठाण्याचा फ्लॅट आहे. मी मात्र अडकले ती शेवटी, पहाटे पळायला जाणाऱ्या मुलीपाशी. तुम्ही दोघं तिच्या भविष्यावर वाद घालताय आणि ती गुपचूप बूट घालून घराबाहेर पडतेय. तिच्याकडे मी येणारच आहे. पण आधी तुमच्या यजमानांनी केलेला हिशेब तपासू. तो बराचसा बरोबर आहे, आणि जिथे चुकलाय तिथे फार महागात पडेल असा चुकलाय.

स्कॉलरशिपचं नाव हेल्थ प्रोफेशन्स स्कॉलरशिप प्रोग्राम, सगळे एचपीएसपी म्हणतात. आर्मी, नेव्ही आणि एअर फोर्स तिन्ही ती देतात. पूर्ण ट्यूशन, फी, पुस्तकं, सक्तीची उपकरणं आणि दरमहा अडीच हजार डॉलरहून जास्त स्टायपेंड. वर्षातले ४५ दिवस लष्करी प्रशिक्षणाचे, त्यांचा अधिकाऱ्याचा पगार मिळतो. काही वेळा सही करताना २०,००० डॉलरचा बोनसही असतो, मात्र त्यामुळे बांधिलकीची वर्षं वाढतात का, हे करारात वाचून घ्यायचं. अट अशी की विद्यार्थिनी अमेरिकेची नागरिक हवी. आईवडील ग्रीन कार्डवर असले तरी चालतं. आणि वैद्यकीय तपासणी कडक असते. तेराव्या वाढदिवसानंतर दमा असल्याची नुसती नोंद निघाली तरी फाइल अडते आणि सवलतीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. लहानपणचे इनहेलर आठवून पाहा.

आता "चार वर्षं नोकरी". ही चार वर्षं पदवी हातात आल्या आल्या सुरू होत नाहीत. डॉक्टरला पदवीनंतर रेसिडेन्सी, म्हणजे इस्पितळात काम करत विशेषज्ञ होण्याचं प्रशिक्षण, करावी लागते, बालरोगाला तीन वर्षं, हाडांच्या शस्त्रक्रियेला पाच. लष्करी इस्पितळात केलेली रेसिडेन्सी फेडीत धरत नाहीत. म्हणजे चार वर्षं कॉलेज, तीन किंवा पाच वर्षं रेसिडेन्सी आणि त्यानंतर चार वर्षं फेड. आज बावीस वर्षांची मुलगी मोकळी होईल तेव्हा तेहतीस किंवा पस्तीस वर्षांची असेल. एकूण लष्करी बांधिलकी आठ वर्षांची असते, सक्रिय सेवेतून उरलेला भाग राखीव दलात कागदोपत्री चालतो. रेसिडेन्सी फार लांबलचक असेल, उदाहरणार्थ मेंदूच्या शस्त्रक्रियेची, तर फेडही चारावर थांबत नाही.

या अकरा किंवा तेरा वर्षांत लग्न होतं, मुलं होतात, भारतातली आजी आजारी पडते. सक्रिय सेवेत असताना परदेशी जायला परवानगी लागते. सुरक्षा तपासणीच्या वेळी भारतातल्या जवळच्या नात्यांची माहिती द्यावी लागते. यात घाबरण्यासारखं काही नाही, आपल्या कितीतरी घरांतली मुलं यातून गेली आहेत. पण तिकीट काढलं आणि निघाले, असं मात्र होणार नाही.

पैशांपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती चौथ्या वर्षातल्या डिसेंबरची. बाकीच्या विद्यार्थ्यांना कोणती रेसिडेन्सी मिळाली हे मार्चमध्ये कळतं. लष्कराच्या विद्यार्थ्यांची निवड आधी, लष्कराच्या मंडळाकडून, डिसेंबरात होते. त्या वर्षी लष्कराला किती बालरोगतज्ज्ञ हवेत, किती हाडांचे डॉक्टर हवेत, यावर जागा ठरतात. सॅन अँटोनियो, सॅन डिएगो, बेथेस्डाचं वॉल्टर रीड इथली प्रशिक्षणं चांगली आहेत, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रश्न जागांचा आहे. हवी ती जागा मिळाली नाही तर एक वर्ष इंटर्नशिप करून जनरल मेडिकल ऑफिसर, म्हणजे विशेषज्ञ नसलेला साधा डॉक्टर, म्हणून पाठवतात, जहाजावर, मरीन तुकडीबरोबर किंवा वैमानिकांच्या तळावर. ती वर्षं फेडीत धरली जातात, हे खरं. पण विशेषज्ञ होणं तेवढी वर्षं पुढे जातं, आणि नंतर लष्करातच रेसिडेन्सी घेतली तर तिची नवी बांधिलकी लागते.

माझ्याबरोबर काही वर्षं काम केलेल्या एका सहकारी डॉक्टरचं असंच झालं. तिला डोळ्यांची डॉक्टर व्हायचं होतं. त्या डिसेंबरात नेव्हीकडे जागा मोजक्याच होत्या, तिची हुकली. इंटर्नशिप करून ती जहाजावर गेली. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी शेकडो माणसांची एकटी डॉक्टर. समुद्रात अपेंडिक्स दुखायला लागलं तर पेशंटला हेलिकॉप्टरने हलवायचं की थांबायचं, हे रात्री दोन वाजता तिने ठरवायचं. त्या अनुभवाने ती फार चांगली डॉक्टर झाली, हे मी स्वतः पाहिलंय. तिच्या निदानावर मी डोळे मिटून विश्वास ठेवायचे. डोळ्यांची रेसिडेन्सी तिला पुढे बाहेर मिळाली, बरोबरीच्या मुलांच्या चार वर्षं मागून. एकदा रात्रपाळीत तिने मला सांगितलं की जहाजाचं तिला दुःख नाही. सही करताना ती बाबांची कर्जाची भीती घालवायला निघाली होती, नेव्हीत जायचं आहे का असं स्वतःला तिने विचारलंच नव्हतं, आणि त्याचा राग कुणावर काढायचा हे तिला कितीतरी वर्षं कळलं नाही. तुमच्या पत्रातलं "तुमचं ठरलं की मला सांगा" वाचलं आणि मला तीच आठवली.

"नाहीच जमलं तर पैसे परत करून मोकळं व्हायचं." यजमानांना माझा नमस्कार सांगा आणि हे वाक्य त्यांच्या हिशेबातून खोडायला सांगा. करार सेवेचा आहे. विद्यार्थिनीने मधेच सोडायचं म्हटलं तर तिच्याकडून पैसे वसूल करायचे की दुसऱ्या एखाद्या कामावर सेवाच करून घ्यायची, हे लष्कर ठरवतं. ते तिच्या हातात नसतं आणि बापाच्या चेकबुकातही नसतं. कर्ज लवकर फेडता येतं, दुसऱ्या बँकेकडे वळवता येतं, हप्ता उत्पन्नाला बांधून घेता येतो. या कराराला तशी फट नाही.

सासऱ्यांची जमीन गेली ते दुःख खरं आहे आणि अशा घरातला माणूस कर्जाला भिणारच. पण सावकाराचं कर्ज आणि अमेरिकेच्या सरकारचं शैक्षणिक कर्ज यांचं कूळ वेगळं आहे. इथे तारण नसतं, जमीन जात नाही. व्याज मात्र चढतं, आणि ते लपवून मी तुम्हाला धीर देणार नाही.

आधी बदललेला नियम पाहा, कारण शेजारच्या ज्या मुलाने पाच वर्षांपूर्वी कर्ज काढलं त्याचा सल्ला आता उपयोगाचा नाही. पूर्वी ग्रॅड प्लस नावाचं सरकारी कर्ज होतं, कॉलेजचा खर्च असेल तेवढं मिळायचं. २०२५ च्या जुलैमध्ये झालेल्या कायद्याने ते नव्या कर्जदारांसाठी १ जुलै २०२६ पासून बंद केलं. आता मेडिकलच्या विद्यार्थ्याला सरकारकडून वर्षाला जास्तीत जास्त ५०,००० डॉलर आणि एकूण २,००,००० मिळतात. बॉस्टनला वर्षाला ९२,००० लागणार, म्हणजे दर वर्षी ४२,००० चा खड्डा, चार वर्षांत १,६८,०००. तो खासगी बँकेच्या कर्जाने भरावा लागेल, बहुतेक तुमच्यापैकी एकाच्या सहीने. खासगी कर्जाला उत्पन्नावर बेतलेला सरकारी हप्ता मिळत नाही, सरकारी माफीही नाही. तुमच्या घराला खरा धोका असेल तर तो इथे आहे. यजमानांची भीती चुकीची नाही, ती चुकीच्या कर्जाला चिकटलीय एवढंच.

आणि आता तुमच्या राज्याचं कॉलेज बघा. ५२,००० खर्च, त्यातले ५०,००० सरकारी कर्जातून. उरलेले दोन हजार तुम्ही घरखर्चातून काढाल. ठाण्याच्या फ्लॅटला हात लावायची गरज नाही. बॉस्टनच्या नावाचं वजन मी नाकारत नाही, काही स्पर्धेच्या रेसिडेन्सींमध्ये ते कामाला येतं. पण बावीस वर्षं पेशंट तपासतेय, एकानेही मला कॉलेजचं नाव विचारलेलं नाही. एवढ्या फरकासाठी १,६८,००० डॉलरचं खासगी कर्ज किंवा अकरा वर्षांची सही, दोन्ही मला जड वाटतात.

सरकारी कर्जाचं व्याज पहिल्या दिवसापासून लागतं. २०२५-२६ साठी दर ७.९४ टक्के होता. दर वर्षीच्या नव्या कर्जाला नवा दर असतो, पण एकदा घेतलेल्या कर्जाचा बदलत नाही. साधारण हाच दर धरला तर दर वर्षी पन्नास हजार घेणाऱ्या मुलीच्या डोक्यावर पदवीच्या दिवशी दोन लाख मुद्दल आणि पस्तीस ते चाळीस हजार व्याज असेल. त्यानंतर वर्षाला जवळजवळ सोळा हजार व्याज. आकडा वाचून पोटात गोळा येतो, माझ्याही आला होता. मीही कर्ज काढूनच डॉक्टर झाले. पण हप्ता कसा ठरतो ते पाहा. त्याच कायद्याने आणलेल्या रिपेमेंट असिस्टन्स प्लॅनमध्ये हप्ता उत्पन्नावर ठरतो, कमी उत्पन्नाला एक टक्का, लाखाच्या वर दहा टक्के. रेसिडेंटला पहिल्या वर्षी ढोबळमानाने ६५,००० मिळतात, त्याला सहा टक्क्यांप्रमाणे महिना ३२५ डॉलर. त्यातही पहिला हप्ता आदल्या वर्षीच्या टॅक्स रिटर्नवर बेततो, आणि विद्यार्थिनीची कमाई शून्य असेल तर तो दहा डॉलर असू शकतो. हप्ता वेळेवर भरला तर उरलेलं व्याज सरकार सोडून देतं, मुद्दलावर चढू देत नाही. सावकार असं करत नाही, हे यजमानांना मुद्दाम सांगा.

शिवाय २००७ पासूनची पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस ही सोय आहे. सरकारी किंवा ना-नफा संस्थेत पूर्णवेळ काम करत १२० हप्ते भरले की उरलेलं सरकारी कर्ज माफ होतं, आणि माफ झालेल्या रकमेवर केंद्राचा आयकर लागत नाही. शिकवणारी बहुतेक इस्पितळं ना-नफा असल्यामुळे रेसिडेन्सीतले छोटे हप्तेही त्या १२० मध्ये धरले जातात. बालरोगतज्ज्ञांना मुलांच्या मोठ्या ना-नफा इस्पितळांत काम मिळू शकतं, आणि तिथे ही सोय त्यांच्या हाताशी असते. आणि हो, माजी सैनिकांची व्हीए इस्पितळंही यात येतात. तुमच्या लेकीला सैनिकांची सेवा करायची ओढ असेल तर वर्दी न घालताही ती करता येते, हे फार कमी पालकांना ठाऊक असतं.

पगाराचं थोडक्यात. लष्करात रेसिडेंटला कॅप्टनच्या हुद्द्याचा पगार आणि घरभत्ता मिळतो, तो बाहेरच्यापेक्षा बरा असतो. पुढे मात्र उलटतं. बालरोगात बाहेरचा आणि लष्करातला फरक सोसण्याजोगा, हाडांच्या शस्त्रक्रियेत फार मोठा. त्यामुळे लेक बालरोगाकडे वळली तर स्कॉलरशिप पैशांच्या दृष्टीने चांगली ठरेल, हाडांकडे वळली तर दोन लाखांचं कर्ज ती काही वर्षांत फेडून टाकेल. आणि तिला आज यातलं काय हवं ते ठाऊक नाही. ठाऊक असावं अशी अपेक्षाही करू नका. मेडिकलच्या तिसऱ्या वर्षी वॉर्डात उभं राहिल्यावर निम्म्या वर्गाची मनं बदलतात.

म्हणून माझं मत असं. कर्जावरून वर्दीकडे पुढे कधीही जाता येतं, वर्दीवरून कर्जाकडे मागे येता येत नाही. राज्याच्या कॉलेजात पहिलं वर्ष सरकारी कर्जावर काढा. त्या पन्नास हजारांना विचार करण्याच्या वर्षाची किंमत समजा. एचपीएसपी तीन वर्षांचीही असते, पहिल्या वर्षात असतानाच तिचा अर्ज करायचा आणि बदल्यात तीन वर्षांची सेवा. मिळेलच याची खात्री नाही, स्पर्धा असते. म्हणूनच बॉस्टन नको म्हणते, तिथे अर्ज फेटाळला गेला तर पुढची तीन वर्षं खासगी बँकेच्या दारात काढावी लागतील. राज्याच्या कॉलेजात फेटाळला तर काहीच बिघडत नाही. आणि तीन वर्षांचीही वेळ टळली, तरी रेसिडेन्सीच्या काळात फायनान्शियल असिस्टन्स प्रोग्राम नावाचा आणखी एक दरवाजा आहे. त्यात विषय आणि इस्पितळ तिने आधीच स्वतः मिळवलेलं असतं. वर्षाला ४५,००० पर्यंत अनुदान आणि मासिक स्टायपेंड मिळतो, बदल्यात घेतलेल्या वर्षांपेक्षा एक वर्ष जास्त सेवा. डिसेंबरच्या त्या मंडळाची टांगती तलवार नाही. माझ्या स्वतःच्या मुलीने लष्करात जायचं म्हटलं असतं तर मी तिला हाच दरवाजा दाखवला असता.

बेथेस्डाच्या लष्करी वैद्यकीय विद्यापीठाचं नाव कुणीतरी सुचवेलच. तिथे फी नाही, उलट विद्यार्थ्याला अधिकाऱ्याचा पगार मिळतो, पण बदल्यात सात वर्षं. ज्याला आयुष्य लष्करातच काढायचंय त्याच्यासाठी ती जागा आहे. यंदाचा प्रश्न तो नाही.

आता तुमची झोप. युद्ध होणार नाही असं मी लिहून देऊ शकत नाही, भरती अधिकारीही देऊ शकत नाही. इराक आणि अफगाणिस्तानच्या वर्षांत डॉक्टर महिनोन्महिने तिकडे होते, सर्जन तर आघाडीच्या अगदी जवळ. बहुतेक सुखरूप परतले, पण घरच्यांनी ते महिने कसे काढले ते त्यांनाच माहीत. ही भीती लेकीला सांगा. एकदा, शांतपणे, सगळी सांगा. आणि त्यानंतर तिच्या निर्णयावर ती ओझं म्हणून ठेवू नका. आई झोपत नाही म्हणून कर्ज, किंवा बाबा घाबरतात म्हणून वर्दी, दोन्ही सह्या सारख्याच वाईट.

या रविवारी तिच्याबरोबर पहाटे बाहेर पडा. पळू नका, नुसतं चाला. तिला विचारा, त्या ऑफिसात काय ऐकलंस, काय आवडलं. समज, बॉस्टनची सगळी फी आजोबांनी भरली असती, तरी त्या भरतीच्या ऑफिसात गेली असतीस का? उत्तर लगेच आलं नाही तर घाई करू नका. पुढच्या वर्षात तिला निदान तीन लष्करी डॉक्टरांशी बोलू दे, त्यातला एक तरी चार वर्षं फेडून बाहेर पडलेला हवा, आणि त्याला तिने डिसेंबरबद्दल विचारावं. भरती अधिकारी माणूस चांगला असेल, पण त्याने रेसिडेन्सी केलेली नसते.

तोवर राज्याच्या कॉलेजचं डिपॉझिट मुदतीआधी भरून टाका, आणि बॉस्टनला नकार कळवताना ते पत्र लेकीलाच लिहू द्या.